सुमेरची पाटी आणि इनामगावचे पेव

बऱ्हाणपूरचा सिंधीपुरा सोळाव्या शतकात सिंधहून आलेल्या माणसांनी वसवला. सूफी आले, विणकर आले, मागांचा आवाज सुरू झाला. त्याआधी इथे काय होते असे विचारले, तर गावातला जाणकार फारूकी घराण्यातल्या नासिरखानापर्यंत, म्हणजे इ.स. १४०० च्या आसपास जातो आणि थांबतो. तापीचा इतिहास तिथे थांबत नाही. ती पुढे खानदेशात उतरते, आणि तिच्या काठच्या टेकाडांत चार हजार वर्षांपूर्वीची खापरे सापडतात.

शाळेच्या पुस्तकात ‘नदीकाठच्या संस्कृती’ म्हटले की तैग्रिस-युफ्रेटिस, नाईल आणि सिंधू येतात. सुमेर लोकांचे बार्ली, बिअर, झिग्गुरात आपल्याला पाठ असते. तापी, प्रवरा, भीमा यांच्या काठच्या माणसांचे घर कसे होते, ते काय खात, मेलेल्या मुलाला कुठे ठेवत, हे मात्र बहुतेकांना ठाऊक नसते. ते ठाऊक होण्यासारखे आहे, कारण इतक्या बारकाईने खोदलेले खेडे भारतात क्वचितच आहे.

काळाचा मेळ

सुमेर म्हणजे आजच्या इराकचा दक्षिण भाग. इ.स.पू. ३३०० च्या सुमारास तिथल्या उरुक शहरात लेखनाची सुरुवात झाली, तेव्हा त्या शहरात हजारोंनी माणसे राहत होती. इ.स.पू. २१०० च्या आसपास उर-नम्मू राजाने उर शहरात चंद्रदेवाचा झिग्गुरात, म्हणजे पायऱ्यापायऱ्यांचा मंदिर-मनोरा, बांधायला घेतला. इ.स.पू. २००४ मध्ये एलामच्या सैन्याने उर पाडले आणि सुमेरची सत्ता संपली.

झिग्गुरातच्या विटा रचल्या जात होत्या, त्याच सुमारास तापीच्या खोऱ्यात सावळदा संस्कृतीचे शेतकरी राहत होते. तापीकाठच्या सावळदा गावावरून हे नाव पडले. धुळे जिल्ह्यातल्या कावठे इथे त्यांची मोठी वस्ती मिळाली. जमिनीत गोल खड्डे खणून त्यांवर छप्पर घातलेली घरे, आणि बाणांची टोके, मासे, प्राणी रंगवलेली भांडी. पुढे इ.स.पू. १६०० च्या सुमारास माळवा संस्कृतीचे लोक दख्खनेत दिसतात आणि इ.स.पू. १४०० पासून जोर्वे संस्कृती बहरते. जोर्वे हे संगमनेरजवळचे गाव. तिथे १९५०-५१ मध्ये ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी उत्खनन केले.

म्हणजे या लेखात ज्याच्याबद्दल मी जास्त लिहिणार आहे ते पुणे जिल्ह्यातले इनामगाव सुमेरचे समकालीन नाही. उर पडून चारशे वर्षे झाल्यावर ते वसले. तरी दोघांना शेजारी बसवण्यात अर्थ आहे. नदी, गाळ, धान्य, उंदीर आणि पुढच्या हंगामाची काळजी दोन्हीकडे सारखीच होती. एकीकडे त्यातून शहर आणि लिपी निघाली, दुसरीकडे निघाली नाही. असे का झाले, हा प्रश्न मला सुमेरच्या सोन्यापेक्षा जास्त ओढतो.

असीरगडची खिंड

बऱ्हाणपूरहून उत्तरेला निघालो की असीरगडाच्या पायथ्याने सातपुडा ओलांडून नर्मदेच्या खोऱ्यात उतरता येते. मोगलांनी या शहराला दख्खनचा दरवाजा मानले ते याच वाटेमुळे. नर्मदेच्या दक्षिण काठावर, महेश्वरच्या समोर, नावडातोली आहे. सांकलियांनी तिथे १९५२-५३ मध्ये आणि पुन्हा १९५७ ते ५९ मध्ये खोदकाम केले. गोल आणि चौकोनी झोपड्या, गहू, मसूर, वाटाणा, लाख, जवस, बोरे, आणि तांबूस भांड्यांवर काळ्या रंगाची नक्षी असा सगळा संसार तिथे मिळाला. तशीच माळवा पद्धतीची भांडी पुढे तापीवरच्या प्रकाशे इथे, प्रवरेवरच्या दायमाबादला आणि घोडवरच्या इनामगावला सापडली. माणसे आणि मडकी उत्तरेकडून दक्षिणेला सरकली, आणि डोंगर ओलांडायला सर्वांत सोयीची जागा हीच होती. या खिंडीतून ती गेल्याचा दाखला कोणी दाखवू शकणार नाही. पण बैलाच्या पाठीवर ओझे लादून सातपुडा ओलांडायचा झाला, तर मीही हीच वाट धरीन.

पांढरीतले गाव

जुन्या वस्तीच्या टेकाडाला आपल्याकडे पांढर म्हणतात. तिथली राखट माती शेताला चांगली म्हणून गाड्या भरभरून नेली जाते, वीटभट्टीवालेही नेतात. महाराष्ट्राचा किती प्राचीन इतिहास असा खत होऊन पसरला, त्याचा हिशेब लागणे शक्य नाही.

पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी असलेली इनामगावची पांढर वाचली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात ती हंगामामागून हंगाम खोदली. सांकलिया, झै. दा. अन्सारी आणि म. के. ढवळीकर ही त्यातली प्रमुख नावे. त्यांनी खोल खड्डा मारून फक्त थर मोजले नाहीत. मोठे क्षेत्र उघडे केले, त्यामुळे शंभराहून जास्त घरे आणि त्यांच्यामधल्या बोळकांड्या समोर आल्या.

जोर्वे काळाच्या भरभराटीत घरे आयताकृती होती. बुटकी मातीची भिंत, तिच्यावर कुडाचा आणि लिंपणाचा आडोसा, वर गवताचे छप्पर. आत चूल. धान्यासाठी जमिनीत पेव, नाहीतर चार पायांचा मातीचा रांजण. त्या रांजणाचे पाय टेकवायला मांडलेले चार सपाट दगड घरांमध्ये जागच्या जागी सापडले. गावाच्या मध्यभागी बरी परिस्थिती असलेल्या शेतकऱ्यांची घरे, आणि पश्चिम कडेला कुंभार, सोनार, मणी करणारे, हस्तिदंताचे काम करणारे अशा कारागिरांची वस्ती. कुंभाराची भट्टी धूर गावावर येणार नाही अशा बाजूला असावी, ही अक्कल अर्थातच जुनी आहे.

एक घर मात्र वेगळे होते. गावाच्या मध्याशी, पाच खोल्यांचे, आणि त्याला लागूनच धान्याचे कोठार. हे गावच्या मुख्याचे घर असावे, असा उत्खननकर्त्यांचा निष्कर्ष आहे.

धान्य कोणाच्या ताब्यात

त्या कोठाराशी थोडे थांबायला हवे.

सुमेरमध्ये कोठार देवळाचे किंवा राजवाड्याचे असे. पीक तिथे जमा व्हायचे आणि तिथून मजुरांना महिन्याच्या महिन्याला मापून मिळायचे. उरच्या तिसऱ्या राजवंशाच्या काळातल्या, म्हणजे इ.स.पू. एकविसाव्या शतकातल्या मातीच्या पाट्यांवर हे हिशेब आहेत. पुरुष मजुराला महिन्याला साधारण ६० सिला बार्ली मिळे. एक सिला म्हणजे लिटरभर. विणकाम करणाऱ्या बाईला त्याच्या निम्म्याच्या आसपास. सुमेरमधल्या लगशच्या प्रदेशात अशा हजारो बायका सरकारी मागांवर लोकर विणत होत्या, त्यांची नावे आणि त्यांच्या मुलांचे वाटे पाट्यांवर टिपलेले आहेत. यंत्रमागांच्या आवाजात राहणाऱ्या सिंधीपुऱ्याला त्या हजेरीपटातले काही फार नवे वाटणार नाही.

उरुकच्या सर्वांत जुन्या पाट्यांत कविता नाही, राजाची फुशारकी नाही. इतकी मापे बार्ली, इतक्या मेंढ्या, अमक्याकडे, एवढेच आहे. अडीचशे हेक्टरांवर पसरलेल्या गावात कोठाराच्या कारकुनाला धान्य नेणाऱ्याचा चेहरा ओळखीचा नसतो. म्हणून खूण करावी लागते. पुढे त्या खुणांची लिपी झाली, लिपी शिकवणाऱ्या शाळा निघाल्या, आणि शाळेत छडी खाणाऱ्या पोरांच्या गोष्टीही पाट्यांवर उतरल्या.

इनामगाव पाचेक हेक्टरांचे. भरभराटीच्या काळात वस्ती हजाराच्या आसपास असावी, असा अंदाज केला जातो. मुख्याला प्रत्येक घर माहीत, कुणाच्या पेवात किती उरले आहे तेही माहीत. गावगाड्यात बलुतेदाराला खळ्यावर सुपाने वाटा मिळायचा आणि त्याची पावती कुणी मागत नसे, तसाच हा व्यवहार असणार. जिथे पावतीची गरज नाही तिथे लेखन जन्माला येत नाही. याचा अर्थ माणसे कमी हुशार होती असा मुळीच नाही.

मग गावे वाढली का नाहीत? मला वाटते, उत्तर मातीत आहे. दक्षिण इराकमध्ये पाऊस इतका थोडा की कालव्याशिवाय दाणा पिकत नाही. कालवा खणायचा आणि दरवर्षी गाळ उपसायचा तर शेकडो हात एका हुकमाखाली लागतात. हुकूम आला की देऊळ आले, कारकून आला. दख्खनची काळी माती ओल धरून ठेवते. पावसाळा उलटल्यावर एकटे कुटुंबही तिच्यात रब्बीचे पीक घेऊ शकते. कुणाच्या हुकमाची गरज नाही. मात्र शिलकीचे धान्यही बेताचेच, आणि पाऊस चुकला की सांभाळायला मागे कोणी नाही.

इनामगावात एक पाटही सापडला आहे. घोड नदीच्या पुराचे पाणी वळवण्यासाठी तो खणला आणि त्याला दगडमातीचा बांध घातला, असे उत्खननकर्ते मानतात. म्हणजे एकत्र काम करवून घेण्याइतका वट मुख्याला होता. सुमेरच्या वाटेवरचे पहिले पाऊल इथे पडले होते असे म्हणता येते. दुसरे पडले नाही. बऱ्हाणपूरकराला पाण्याच्या अशा कामाचे वेगळे सांगायला नको. १६१५ मध्ये इराणी पद्धतीने बांधलेला कुंडी भंडारा सातपुड्याचे झिरपते पाणी भुयारातून शहरात आणत आला, पण त्यामागे मोगल सुभेदारीचा पैसा होता.

चूल आणि पाटा

दोन्हीकडचे मुख्य धान्य एकच निघाले, जव, म्हणजेच बार्ली. सुमेरमध्ये त्याची भाकर आणि बिअर, आणि शिवाय तेच चलन. इनामगावात जवाबरोबर गहू, मसूर, कुळीथ, वाटाणा, लाख होते. बोरे आणि जांभळे रानातली. घरात पाळलेली गुरे, शेळ्यामेंढ्या, आणि शिकारीतली हरणे यांची हाडे भरपूर मिळाली आहेत. त्यांवर कापल्याच्या खुणा आहेत, तेव्हा हे लोक मांस खात होते यात शंका नाही. नदीत मासळी होतीच.

दळण पाट्यावर, दगड पुढेमागे ढकलत. फिरते जाते आपल्याकडे सातवाहनांच्या आगेमागे आले. सुमेरच्या बाईचेही गुडघे तसेच झिजत असणार. तिच्या देवळात तर दळणाऱ्या बायकांची वेगळी टोळी होती आणि तिचा हिशेब वेगळ्या पाटीवर.

तोटीची भांडी आणि एक वाद

जोर्वे भांडे एकदा पाहिले की पुन्हा ओळखू येते. चाकावर घडवलेले, पातळ, लाल, काळ्या रेघांची नक्षी, टिचकी मारली तर धातूसारखे वाजणारे. कंगोरेदार वाडगे आणि लांब तोटीचे तांबे ही त्याची खूण. नावडातोलीच्या पन्हाळीदार तोटीच्या वाडग्यांना सांकलियांनी इराणमधल्या सियाल्कसारख्या ठिकाणच्या भांड्यांशी जोडले होते, आणि त्यामागे पश्चिमेकडून आलेली माणसे असावीत असे सुचवले होते. नंतरच्या बहुतेकांनी ते मानले नाही. आकार सारखा म्हणून कुंभार सगेसोयरे, एवढे सोपे ते नसते. पण सुमेर-इराण आणि नर्मदा-तापी एका नकाशावर ठेवून पाहण्याची हिंमत त्या पिढीत होती. आज तज्ज्ञ आपापल्या खड्ड्यात जास्त रमतात.

तांबे हा धातू थोडाच होता, म्हणून जपून वापरला. कुऱ्हाडी, बांगड्या, मणी, गळ. रोजची कापाकापी मात्र गारगोटीच्या जातीच्या दगडाच्या धारदार पात्यांनी चाले.

जमिनीखालचे नातलग

हा भाग वाचताना प्रत्येकजण थांबतो. इनामगावात दोनशेहून अधिक दफने मिळाली, त्यांतली बहुसंख्य लहान मुलांची. दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी, आत मूल, आणि हे सारे राहत्या घराच्या जमिनीखाली. वरून पुन्हा सारवण आणि रोजचा संसार. मोठ्यांना उत्तरेकडे डोके करून निजवत, आणि बहुतेकदा घोट्याखालचे पाय तोडलेले असत. मेलेला माणूस उठून चालू लागू नये म्हणून तसे करत असावेत, असा तर्क आहे.

पाच खोल्यांच्या घरात या रिवाजाला अपवाद सापडला. चार पायांच्या कच्च्या मातीच्या रांजणात बसवलेला एक प्रौढ पुरुष, पाय न तोडलेला. धान्य ठेवायचे भांडे ज्याला मरणातही मिळाले, त्याचा धान्याशी काय संबंध होता हे कळायला पाटी लागत नाही.

घरात पुरण्याची चाल इराकातही होती. लेनर्ड वूली यांनी १९२२ ते १९३४ या काळात उर खोदले. तिथे सुमेरची सत्ता गेल्यानंतरच्या शतकांतल्या घरांत त्यांना जमिनीखाली कुटुंबाच्या कबरी मिळाल्या, आणि घरच्या देवघरापाशी वाडग्यांत ठेवलेली अर्भके. त्याच उरच्या जुन्या राजस्मशानात पुआबी राणीबरोबर तिचा नोकरवर्गही पुरलेला होता. अशी दहशत बसवण्याची ताकद इनामगावच्या कुठल्याच मुख्याकडे नव्हती, आणि हा फरक मला झिग्गुरातच्या उंचीपेक्षा मोठा वाटतो.

मुलांच्या एवढ्या दफनांमागे काय होते? जॉन लुकाच आणि सुभाष वाळिंबे यांनी इनामगावच्या सांगाड्यांचा, विशेषतः दातांचा, अभ्यास केला. दात घडत असताना उपासमार किंवा आजार झाला तर आवरणावर आडव्या रेषा उमटतात. मोठेपण गाठलेल्यांच्याही तोंडात बालपणीचे वाईट दिवस असे कोरून राहतात.

बिनडोक्याची देवी

एका घराच्या जमिनीखाली मातीची झाकणाची पेटी मिळाली. आत कच्च्या मातीची, डोके नसलेली स्त्रीमूर्ती. झाकणावर दुसरी स्त्रीमूर्ती आणि एक बैल. बैलाच्या पाठीवर भोक होते, आणि आतली मूर्ती काडीने त्यावर उभी करता येत असे. पूजा कसली, ती केव्हा करायची, देवीचे नाव काय, यातले काहीच उरलेले नाही. सुमेरच्या इनन्ना देवीचे नाव, तिचे देऊळ, तिची गाणी, तिची भांडणेसुद्धा आपल्याला माहीत आहेत. लिपी नसण्याची किंमत इथे मोजावी लागते. जेवण हाडांवरून कळते, देव कळत नाही.

समुद्रापलीकडची ओळख

दोन जग एकमेकांना अगदीच अनोळखी नव्हते, पण ओळख मध्यस्थामार्फत होती. अक्कडचा राजा सारगॉन दिलमुन, मगन आणि मेलुहा या देशांची जहाजे आपल्या धक्क्याला लागतात असे मिरवायचा. मेलुहा म्हणजे सिंधू संस्कृतीचा प्रदेश, असे बहुतेक अभ्यासक धरतात. मेलुहाची भाषा जाणणाऱ्या एका दुभाष्याची मुद्राही मिळाली आहे. उरच्या कबरींतले लांब लाल मणी हे सिंधूकडच्या कारागिरांच्या हातचे काम.

त्या सिंधू संस्कृतीचे एक दक्षिणेकडचे टोक श्रीरामपूर तालुक्यातल्या दायमाबादला पोचले होते. १९५८ मध्ये बी. पी. बोपर्डीकर यांनी ही जागा शोधली, आणि १९७० च्या दशकात एस. ए. साळी यांनी ती विस्ताराने खोदली. उत्तर-हडप्पा थरात सिंधू चिन्हे असलेल्या मुद्रा निघाल्या. प्रसिद्धी मिळाली ती मात्र १९७४ च्या ब्राँझना. एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाची मुळे खणताना हत्ती, गेंडा, रेडा आणि बैल जुंपलेला दुचाकी रथ हाती लागला. एकूण साठ किलोंहून जास्त धातू, नुसता रथच ४५ सेंटिमीटर लांब. खोदकामाच्या थरात न मिळाल्यामुळे त्यांच्या काळावर अजून एकमत नाही. पण ज्या दख्खनेत तांब्याचा मणीही जपून वापरत, तिथे कोणीतरी एवढा धातू ओतू शकत होता, हे इनामगाववरून काढलेल्या सगळ्या अनुमानांना डिवचत राहते.

पाऊस फिरला तेव्हा

सुमेरच्या ऱ्हासाची कारणे सांगताना जमीन खारावण्याचा उल्लेख नेहमी होतो. कालव्याच्या पाण्याने मीठ वर आले, गहू मागे पडला, मीठ सोसणारा जव उरला. कितपत, यावर वाद आहे. जे घडले ते असे की गावे राहिली, भाषा बोलण्यातून गेली, आणि शाळांमधून लिहिण्यात आणखी दीड-दोन हजार वर्षे चालू राहिली.

दख्खनेत इ.स.पू. १००० च्या सुमारास तापी, गोदावरी, प्रवरा खोऱ्यांतल्या बहुतेक वस्त्या ओस पडल्या. हवा कोरडी होत गेली, हे ढवळीकरांनी मांडलेले कारण आजही सर्वाधिक सांगितले जाते. इनामगाव ज्यात येते त्या भीमेच्या खोऱ्यात लोक आणखी तीनशे वर्षे चिवटपणे टिकले. पण इनामगावच्या वरच्या थरात आयताकृती घरे दिसत नाहीत. त्यांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, भांडी ओबडधोबड झाली, धान्य घटले आणि हरणांच्या शिकारीचे प्रमाण वाढले. शेतकरी पुन्हा अर्धा शिकारी, अर्धा मेंढपाळ झाला. इ.स.पू. ७०० च्या आसपास तोही निघून गेला.

तापीवर प्रकाशे इथे बा. कृ. थापर यांनी १९५५ मध्ये उत्खनन केले तेव्हा वस्तीचे थर सुमारे १७ मीटर जाडीचे भरले. तळाला ताम्रपाषाणयुगाची रंगीत खापरे, मध्ये खंड, आणि मग लोखंड वापरणाऱ्या लोकांचे थर. आधीचेच लोक परत आले की नवेच आले, हे अजून ठरलेले नाही. वरच्या बऱ्हाणपूरच्या पट्ट्यात तेवढ्या खोलवर कोणी गेल्यास कदाचित सांगता येईल.